मुरदोलीच्या वळणापलीकडचे उपवन

गोरेगाव म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुंबईचे गोरेगाव उभे राहते. लग्नपत्रिकेवरचा आमचा पत्ता वाचून मुंबईची सोयरे मंडळी हमखास विचारतात, "पूर्व की पश्चिम?" आमचे गोरेगाव महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला, गोंदिया जिल्ह्यात आहे. गोंदिया शहरातून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या मार्गावरचे हे तालुक्याचे गाव. हिरडामाली हे त्याचे जवळचे रेल्वे स्थानक. भोवती धानाच्या बांध्या, त्या बांध्यांना पाणी पुरविणारे तलाव आणि बोड्या, आणि दक्षिणेकडे नजर टाकली की क्षितिजावर निळसर दिसणारी डोंगराची रांग. आमच्या कुटुंबाच्या तीन पिढ्या इथे धानाच्या व्यापारात गेल्या. वडिलांच्या काळी तेंदूपानांचे फडही होते. पुढे ते काम सुटले आणि भातगिरणी तेवढी राहिली.

त्या निळसर रांगेत काय आहे, हे मी वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत पाहिले नव्हते, हे सांगताना आज संकोच वाटतो. सम्मेतशिखरजी, पालिताणा आणि आबू या यात्रा झाल्या. मुलांच्या सुट्टीत महाबळेश्वर झाले, काश्मीर झाले. शांत जागी चार दिवस काढावेत म्हणून आम्ही हजार-हजार किलोमीटर गेलो. घरापासून तासाभराच्या अंतरावर नागझिऱ्याचे अरण्य होते. तिकडे मात्र कधी गेलो नाही. व्यापारी माणसाला जंगल म्हणजे मालाची गाडी ज्यातून लवकर पार करायची तो टप्पा, एवढीच आमची ओळख होती.

ती ओळख कशी बदलली, हे सांगितल्याशिवाय या प्रवासाचे वर्णन पुरे होणार नाही.

गोरेगावहून कोहमाऱ्याकडे निघाले की काही वेळाने शेते संपतात आणि मुरदोलीचे जंगल सुरू होते. रस्ता वळणे घेत झाडीतून जातो. एका लग्नसराईत आम्ही रायपूरकडून उशिरा परतत होतो. मुलगा गाडी चालवीत होता, मी त्याच्या शेजारी, मागे सौभाग्यवती आणि मांडीवर झोपलेली नात. दुसऱ्या दिवशी गिरणीवर माल उतरायचा होता, म्हणून मीच दोनदा म्हणालो होतो, "जरा लवकर घे." एका वळणावर दिव्यांच्या झोतात काहीतरी पिवळसर उजळले आणि त्याच क्षणी गाडीला धक्का बसला. मुलाने वेग कमी केला. मागच्या काचेतून पाहिले तर रस्त्याच्या कडेला एक चितळ मादी पुढच्या पायांवर उठण्याचा प्रयत्न करीत होती. मागून ट्रकचे दिवे येत होते. मी म्हणालो, "थांबू नकोस, इथे धोका आहे." आम्ही थांबलो नाही. नात जागी झाली नाही. घरी पोहोचल्यावर त्या रात्रीविषयी कुणीच बोलले नाही. गाडीची दुरुस्ती झाली, विम्याचे पैसे आले आणि हिशेबाच्या वहीत तो विषय संपला.

पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये याच मार्गावर, याच मुरदोलीच्या जंगलात, रात्रीच्या वेळी एका मोटारीच्या धडकेने एक तरुण वाघ जबर जखमी झाला. उपचारासाठी त्याला नागपूरला नेत असताना वाटेतच त्याने प्राण सोडला. जखमी वाघ रस्त्यावरून सरपटत झाडीत शिरण्याची धडपड करतो आहे, असे चित्रीकरण त्या दिवसांत घरोघरी मोबाईलवर पाहिले गेले. बाजारपेठेत प्रत्येक दुकानात हळहळ व्यक्त झाली. मीही हळहळलो, पण माझ्या डोळ्यांपुढे वाघ नव्हता, चितळ होती. पुढच्याच महिन्यात पर्युषण आले. संवत्सरी प्रतिक्रमणात समस्त जीवांची क्षमा मागताना आजवर एवढ्या वर्षांत जे झाले नव्हते ते झाले. "मिच्छामि दुक्कडम्" हे शब्द ओठांवर आले आणि ते कुणाला उद्देशून आहेत हे स्पष्ट दिसले. जिची क्षमा मागायची ती जिथे राहत होती ती जागा निदान एकदा पाहावी, असे तेव्हा मनात आले. फाल्गुन लागल्यावर आम्ही चौघे निघालो.

नागझिरा हे नाव अरण्यातील झऱ्यावरून आले आहे. आमच्या भागात झरा म्हणण्याऐवजी झिरा म्हणतात. १९७० मध्ये हे अभयारण्य घोषित झाले; त्याचे क्षेत्र सुमारे १५२ चौरस किलोमीटर. पुढे २०१३ च्या डिसेंबरात नागझिरा, नवीन नागझिरा, कोका, नवेगाव अभयारण्य आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान अशी पाच क्षेत्रे मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. महाराष्ट्रातील हा पाचवा व्याघ्र प्रकल्प. ताडोब्याची कीर्ती देशभर पसरली. त्या मानाने आमचा नागझिरा मागेच राहिला. तिथली गर्दी इथे नाही, आणि म्हणूनच इथली शांतता टिकली.

आम्ही पहाटे मंगेझरीच्या प्रवेशद्वारावर पोहोचलो. ओळखपत्रे दाखविली, नोंद झाली आणि जवळच्याच गावातला एक तरुण मार्गदर्शक जिप्सीत पुढे बसला. त्याने पहिलेच काम केले ते आमचे मोबाईल खिशात ठेवायला लावण्याचे. "वाघ दिसेलच असं नाही जी, सेठजी," तो नम्रपणे म्हणाला. "पण बोलणं बंद ठेवलं तर बाकी पुष्कळ दिसते."

फाटक मागे पडले आणि दहा मिनिटांतच आम्हांला त्याचे म्हणणे पटले. आम्ही व्यापारी माणसे. दिवसभर भावताव, फोन, ट्रकचे हॉर्न आणि गिरणीची घरघर यांत जगतो. कानांवरचे ते ओझे उतरल्यावर आधी थोडे अस्वस्थ वाटते. मग हळूहळू एकेक आवाज वेगळा ऐकू येऊ लागतो. वाळलेल्या पानांवरून सरडा गेला तरी कळते. दूर कुठे सुतारपक्षी खोडावर चोच आपटतो ते कळते. आमच्या सौभाग्यवती सामायिकात बसल्यासारख्या ताठ आणि निश्चल बसल्या होत्या. नवकारशीची वेळ झाल्याचे मी खुणेने दाखविले, तर त्यांनी थर्मासकडे पाहिलेसुद्धा नाही.

हे वन कोरडे पानझडीचे आहे. साग, ऐन, बीजा, धावडा, तेंदू, मोह, बेहडा आणि बांबू यांची दाट मिश्र झाडी. फाल्गुनात अर्धीअधिक झाडे पाने टाकून उभी असतात, त्यामुळे दूरवर पाहता येते. त्या करड्या फांद्यांत पळस मधूनच पेटल्यासारखा दिसतो. काटेसावरीच्या लाल फुलांवर साळुंक्या आणि कोतवाल यांची अशी वर्दळ असते, जशी आपल्याकडे धनत्रयोदशीला सराफाच्या पेढीवर. मोहाची फुले अजून गळायला लागली नव्हती. कळ्या मात्र टपोरल्या होत्या. नाल्यांच्या काठी अर्जुन आणि जांभूळ हिरवे राहिले होते, आणि जिथे हिरवे तिथे गारवा.

मार्गदर्शकाने एका जागी गाडी बंद करायला लावली. डाव्या हाताला उतारावर चितळांचा कळप होता. पंचवीस-तीस तरी असतील. त्यांच्या वर झाडावर वानरांची टोळी पाला ओरबाडत होती आणि अर्धा खाऊन अर्धा खाली टाकत होती. चितळे तो टाकलेला पाला वेचीत होती. मार्गदर्शक हलक्या आवाजात सांगू लागला. वानराची नजर दूरवर पोहोचते आणि चितळाचे नाक तीक्ष्ण असते. वाघ-बिबट्याची चाहूल ज्याला आधी लागेल तो ओरडतो आणि दोघेही सावध होतात. कुणी कुणाचा नातेवाईक नाही. तरी एकाचा उष्टा पाला दुसऱ्याचे पोट भरतो आणि एकाची हाक दुसऱ्याचा जीव वाचविते. तत्त्वार्थसूत्रात जीवांचे एकमेकांवरचे उपकार सांगितले आहेत, हे व्याख्यानात अनेकदा ऐकले होते. त्याचा असा सरळ अर्थ त्या उतारावर प्रथमच पाहिला.

नात माझ्या कानाशी लागून कुजबुजली, "दादाजी, हे आपल्या मंदिरातल्या शांतिनाथांचंच हरीण ना?"

शांतिनाथ भगवंतांचे लांछन हरीण आहे. मूर्तीखालच्या आसनावर कोरलेले ते चिन्ह आम्हीच तिला दाखविले होते. वृषभ, हत्ती, वानर, महिष, वराह, नाग, सिंह असे प्राणी तीर्थंकरांच्या आसनांवर कोरलेले असतात, आणि पाठशाळेत मुले ते भराभर म्हणून दाखवितात. मी "हो" म्हणालो. पुढच्या आसनावर बसलेल्या मुलाची मान खाली गेली ती मला मागून दिसली. एक चितळ मादी मान उंचावून आमच्याकडे पाहत होती. तिच्या पोटाशी पाडस होते. ती काही क्षण पाहत राहिली, मग निर्धास्त होऊन पुन्हा पाला वेचू लागली. त्या निर्धास्तपणाने जी बोच लागली, तिची तुलना कुठल्याही निंदेशी करता येणार नाही.

पुढे बरेच काही दिसले. एका नाल्याच्या पलीकडे गव्यांचा कळप पाण्यावरून परतत होता. काळीभोर धिप्पाड अंगे आणि पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे गुडघ्यापर्यंतचे पाय. एका वारुळाला मोठे भगदाड पडले होते. रात्री अस्वलाने वाळवी खाण्यासाठी ते उकरले होते. रानकुत्र्यांची तांबूस जोडी क्षणभर वाटेवर आली आणि बांबूत नाहीशी झाली. भृंगराज हा काळा पक्षी शेपटीची दोन लांब पिसे हवेत तरंगवीत उडाला आणि नातीला वाटले की त्याच्या मागे दोन भुंगे लागले आहेत. वाघ दिसला नाही. धुळीत त्याच्या पावलांचे ठसे तेवढे दिसले. मार्गदर्शकाने शेजारी हात ठेवून त्यांचा आकार दाखविला.

अरण्याच्या मध्यभागी नागझिऱ्याचा तलाव आहे. त्याच्या काठी वनखात्याची विश्रामगृहे आहेत. नीलय, लताकुंज, मधुकुंज अशी त्यांची सुंदर नावे. इथवर विजेच्या तारा येऊ दिल्या नाहीत, ही या जागेची जुनी ओळख. रात्री इथे अंधार अंधारासारखा असतो. व्यंकटेश माडगूळकर यांनी या अरण्यात मुक्काम करून 'नागझिरा' हे पुस्तक लिहिले. मारुती चितमपल्ली यांनी शेजारच्या नवेगावबांधच्या जंगलात वनाधिकारी म्हणून अनेक वर्षे काढली आणि मराठीला पक्ष्यांची, झाडांची कितीतरी नावे दिली. मराठी वाचकाला हे वन पुस्तकांतून ओळखीचे झाले. आम्हा शेजाऱ्यांनाच ते अनोळखी राहिले.

तलावाच्या काठी आम्ही उकळून थंड केलेले पाणी प्यालो, खाकरे आणि कोरडी चटणी खाल्ली, आणि कागदाचा कपटासुद्धा डब्यात परत भरला. पाण्यात झाडे उलटी उभी होती. कुणी बोलत नव्हते. उपाश्रयात असते तशी ती शांतता होती. फरक एवढाच की ती राखण्यासाठी कुणी सूचनाफलक लावलेला नव्हता.

मी मार्गदर्शकाला विचारले, "या एवढ्या बागेला माळी कोण?" तो हसला. म्हणाला, "माळी कोणी नाही जी. कोणी काही करत नाही, म्हणून हे आहे. लोक काही करायला लागले की बिघडते."

मग तो काय काय बिघडते ते सांगू लागला. फाल्गुन-चैत्रात मोह गळतो. फुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा कुणी पेटवितो, वारा येतो आणि आग डोंगर चढते. ती अडावी म्हणून वनखाते हिवाळ्यापासूनच गवत कापून आणि जाळून रुंद पट्टे काढते. त्यांना जाळरेषा म्हणतात. जमिनीवर घरटे करणारे पक्षी, सरडे, कासवे आणि कोवळी रोपे यांना आगीतून पळता येत नाही. आणि दुसरी गोष्ट रस्त्याची. नागझिरा आणि नवेगाव ही एकाच वनाची दोन अंगे आहेत. प्राणी एका अंगातून दुसऱ्यात जातात-येतात, आणि त्यांची वाट मुरदोलीच्या रस्त्यावरून जाते.

वाघाला अशी वाट का लागते, हेही त्याने समजावले. पिल्लू दोन वर्षांचे झाले की आईपासून वेगळे होते आणि स्वतःचे क्षेत्र शोधायला निघते. याच नागझिऱ्यात २०१० मध्ये जन्मलेला 'जय' नावाचा वाघ २०१३ मध्ये नद्या, गावे आणि राष्ट्रीय महामार्ग ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात पोहोचला आणि देशभर प्रसिद्ध झाला. मुरदोलीला मेलेला वाघही त्याच वयाचा, घर शोधायला निघालेला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नागझिऱ्यात वाघ वाढावेत म्हणून ब्रह्मपुरीच्या बाजूच्या जंगलातून दोन वाघिणी आणून सोडल्या होत्या. एकीकडे एवढ्या प्रयत्नाने जीव आणावेत आणि दुसरीकडे एका वळणावर क्षणात घालवावेत, हा व्यवहार कुठल्याही व्यापाऱ्याला तोट्याचाच दिसेल.

परतीच्या वाटेवर मन याच हिशेबात गुंतले. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाची कथा येते. आनंद मोठा धनवान गृहस्थ. त्याने श्रावकव्रते घेतली, तेव्हा उपजीविकेचे जे पंधरा प्रकार श्रावकाने टाळावेत असे सांगितले, त्यांना पंधरा कर्मादाने म्हणतात. लहानपणी ती यादी आम्ही पाठ केली होती. त्या दिवशी जिप्सीत बसून ती मनाशी पुन्हा म्हटली तेव्हा एकेक नाव थांबवू लागले. वनकर्म म्हणजे झाडे तोडण्याचा धंदा. दवदान म्हणजे रान पेटविणे. सर-ह्रद-तडाग-शोषण म्हणजे सरोवरे, डोह आणि तलाव कोरडे करणे. अडीच हजार वर्षांपूर्वी ही यादी साधूंसाठी नव्हे, तर आपल्यासारख्या दुकानदारांसाठी सांगितली गेली! आमचे वडील तेंदूपाने घेत, आम्ही मोहफुलांच्या गाड्या भरलेल्या पाहिल्या. फुले कुणी कशी वेचली, त्यासाठी रान पेटले का, हे गल्ल्यावर बसून कधी विचारले नाही. गिरणीचे यंत्र आणि मालाच्या गाड्या यांचे हिशेबही त्या यादीपुढे मांडून पाहिले, तर मान ताठ ठेवता येत नाही.

तलावांचेही तसेच. आमच्या या झाडीपट्टीतील तलाव निसर्गाने दिलेले नाहीत, माणसांनी बांधलेले आहेत. कोहळी समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधण्यात निष्णात होते. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय ही त्यांचीच करणी. ब्रिटिशांच्या अमलात गावे मालगुजारांकडे होती, म्हणून यांना मालगुजारी तलाव म्हणू लागले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव शासनाकडे आले आणि त्यांचे नाव 'माजी मालगुजारी', लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' असे झाले. याच पाण्यावर धान पिकते, आणि धानावर आमच्या गिरण्या आणि पेढ्या चालतात. याच पाण्यावर हिवाळ्यात दूर उत्तरेकडून बदके येतात. सुमतिनाथांचे लांछन दिगंबर परंपरेत जो चक्रवाक, तोही त्यांत असतो. गोंदियाजवळच्या परसवाडा, झिलमिली अशा तलावांच्या परिसरात सारस पक्ष्यांच्या जोड्या राहतात. माणसाएवढा उंच हा पक्षी महाराष्ट्रात आज मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात उरला आहे. जोडी जुळली की ती सहसा सुटत नाही. पावसाळ्यात सारस चिखलणी झालेल्या बांधीत घरटे करतो, आणि घरट्यापुरते धान सोडून देणारे शेतकरी इथे आहेत. तोच धान आमच्या काट्यावर येतो. घरट्यासाठी सोडलेल्या जागेची तूट त्या शेतकऱ्याने सोसलेली असते, आणि काट्यावर ती दिसत नाही.

दुपारी गोरेगावकडे परतताना मुलाने मुरदोलीच्या त्या वळणावर गाडी कडेला घेतली. तिथे काहीच नव्हते. डांबर, दोन बाजूंना झाडी आणि खालच्या अंगाला नाल्याची वाट. नातीने विचारले, "इथे का थांबलो?" मुलाने माझ्याकडे पाहिले. मी तिला सगळे सांगितले. धडक कशी बसली ते, आणि मी थांबू नकोस म्हणालो तेही. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "तिला पाडस असेल?" मला उत्तर देता आले नाही. सौभाग्यवतींनी रस्त्याकडे तोंड करून नवकार म्हटला, आम्ही सर्वांनी हात जोडले आणि निघालो.

रात्रिभोजन आपण का टाळतो, हे घराघरांत सांगितले जाते. अंधारात लहान जीव दिसत नाहीत, म्हणून सूर्यास्तापूर्वी ताट उचलायचे. तोच नियम रस्त्याला लावून पाहावा, एवढेच माझे म्हणणे आहे. ताटातला जीव दिसत नाही म्हणून आपण जेवण सोडतो, आणि त्याच अंधारात जंगलातून गाडी भरधाव सोडतो. साधु-साध्वी ईर्यासमिती पाळतात. पुढची चार हात जमीन न्याहाळून पाऊल टाकतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. चालकाच्या पायाला ब्रेक सापडेपर्यंतच चितळाचे आयुष्य संपलेले असते. वेग ४० वर आणला तर ते अंतर निम्मे होते, आणि गाडी थांबायला लागणारी जागा त्याहूनही कमी होते. विहारातील साधु-साध्वींना वाहनांनी धडक दिल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो आणि व्यथित होतो. त्या धडकेमागचे कारण आणि मुरदोलीच्या धडकेमागचे कारण वेगळे नाही.

शासनानेही करावे असे पुष्कळ आहे. नागपूरहून शिवनीकडे जाणाऱ्या महामार्गावर पेंचच्या जंगलात रस्ता उंच उचलून खालून प्राण्यांसाठी वाटा ठेवल्या आहेत आणि वाघांसह अनेक प्राणी त्या वापरतात. आपल्या मार्गावरही जिथे जिथे प्राण्यांच्या वाटा आहेत तिथे तसे व्हावे, म्हणून व्यापारी मंडळांनी निवेदने द्यावीत; आपले शब्द कार्यालयांत ऐकले जातात. पण पूल होईपर्यंत पाय आपलाच आहे आणि ब्रेकही आपलाच.

आमच्या गिरणीत आता एक नियम आहे. कोहमाऱ्याकडून येणारी आमची गाडी सूर्यास्तापूर्वी मुरदोली ओलांडेल अशा बेतानेच निघते. ते जमले नाही तर रात्र पलीकडे काढते. भाड्याच्या ट्रकवाल्यांनाही तेच सांगितले आहे, आणि त्यासाठी माल एक दिवस उशिरा आला तर त्यांचे पैसे कापले जात नाहीत. सुरुवातीला मुनीमजींनी महिन्याचा तोटा काढून दाखविला. रक्कम लहान नव्हती. मी ती वहीत धर्मादायाच्या पानावर लिहायला सांगितली.

ज्यांना यायचे असेल त्यांच्यासाठी थोडेसे. गोंदिया हे मुंबई-हावडा लोहमार्गावरचे जंक्शन आहे. तिथून गोरेगाव आणि नागझिरा दोन्ही जवळ. पावसाळ्यात वनाचा गाभा पर्यटनासाठी बंद असतो, ऑक्टोबरपासून तो खुला होतो. प्रवेशाची नोंदणी वनविभागाकडे आधी करावी. हिवाळ्यात तलावांवर पक्षी अधिक दिसतात, फाल्गुन-चैत्रात पळस फुललेला असतो, आणि वैशाखात प्राणी पाण्यावर येतात. भोजन घरचे न्यावे. शुद्ध सात्त्विक आहार आणि उकळलेले पाणी सोबत असेल तर अडचण येत नाही. भडक कपडे आणि अत्तर टाळावे, आणि मुलांना अवश्य न्यावे. वाघ दिसला नाही म्हणून पैसे वाया गेले असे म्हणणारी मंडळी फाटकावर भेटतील; त्यांच्याशी वाद घालू नये.

त्या दिवशी संध्याकाळी सव्वासहाला सूर्य मावळला तेव्हा आम्ही घरी होतो, ताटे उचललेली होती. नातीने पाठशाळेच्या वहीत चोवीस लांछनांचे पान उघडले आणि सोळाव्या नावापुढे पेन्सिलीने एक हरीण काढले. शेजारी तिने छोटे पाडसही काढले. लांछनात पाडस नसते, असे मी सांगणार होतो; सांगितले नाही.